दारी नीर

माझ्यापाशी एक सफारी आहे. राखी रंगाच्या टेरिकॉटचा, चार खिशांचा आणि खांद्यांवर बटणाच्या फिती असलेला हा पोशाख मी १९८६ साली बंगळूरच्या चिकपेटेतल्या एका शिंप्याकडून शिवून घेतला. तो अंगात घालून कचेरीत गेलो की शिपाई नेहमीपेक्षा किंचित लवकर उठून उभा राहतो, असा त्या काळचा माझा अनुभव होता. पुढे शिपाई बदलले, साहेब बदलले, मी स्वतःही कमरेच्या बाजूने पुष्कळ बदललो, परंतु सफारीने आपला मूळ आकार सोडला नाही, आणि त्यामुळे आज आम्हा दोघांचा संबंध हा धनको आणि ऋणको यांच्या संबंधासारखा, म्हणजे वरकरणी आदराचा पण आतून श्वास रोखून चालवलेला, असा झाला आहे. शब्द मूळचा अरबी. 'सफर' म्हणजे प्रवास. तो व्यापाऱ्यांच्या गलबतांतून पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागला, तिथल्या स्वाहिली भाषेत त्याची 'सफारी' झाली, गोऱ्या शिकाऱ्यांच्या बुटांना चिकटून ती जगभर हिंडली, आणि फारसीच्या वाटेने आपल्याकडे आधीच येऊन स्थायिक झालेल्या सफर आणि मुसाफिर या आपल्या भावंडांना ओळखसुद्धा न देता थेट सरकारी कारकुनांच्या अंगावर चढली. हिशेबतपासनीस म्हणून बत्तीस वर्षे मी सफारीत काढली. सफारीवर मात्र एकदाही गेलो नव्हतो. हा आक्षेप निकाली काढण्याचे श्रेय आमच्या साडूंना द्यावे लागेल.

आमचे साडू पुण्याला असतात, म्हणजे त्यांचा देह पुण्याला असतो. दोन वर्षांपूर्वी ते केनियातील मसाई मारा येथे आठ दिवस राहून आले आणि त्यांचे चित्त अद्याप तिथून परत यायचे आहे. विषय कोणताही निघो, पाण्याच्या टंचाईचा किंवा मुलींच्या लग्नाचा, साडू डोळे अर्धवट मिटतात आणि 'मारात' अशी सुरुवात करतात. मारात आम्ही पहाटे पाचला उठत असू. मारात चहा असा नसतो. मारात कोणी उगाच हॉर्न वाजवीत नाही. आमच्या सासूबाई, वय वर्षे ब्याऐंशी, उजव्या कानाने कमी ऐकतात. साडू बंगळूरला आले त्या दिवशी सासूबाईंनी हे सारे शांतपणे ऐकून घेतले आणि रात्री आमच्या कुटुंबाला एकीकडे बोलावून, धाकट्या जावयाला तिकडे इतका मार कोणी दिला आणि कशाबद्दल, अशी हलक्या आवाजात चौकशी केली.

सगळ्यांनी मिळून केनियाला जावे, हा साडूंचा मूळ प्रस्ताव. पीतज्वराची लस, प्रवेशपरवाना, विमानाचे भाडे आणि माणशी दर रात्रीचा आकार यांचा तक्ता करून मी तो प्रस्ताव फेटाळला, व त्याऐवजी बंगळूरपासून सव्वादोनशे किलोमीटरवर असलेल्या कबिनीच्या जंगलाची शिफारस केली. हत्ती तोच, फक्त कान लहान, असे माझे म्हणणे होते. यावर साडूंनी तिथल्या वाटाड्याने सांगितलेला दाखला दिला, की आफ्रिकी हत्तीच्या कानात आफ्रिकेचा नकाशा दिसतो आणि आपल्या हत्तीच्या कानात हिंदुस्थानचा. मी म्हणालो, तसे असेल तर आपल्या देशाचा नकाशा पाहण्यासाठी समुद्र ओलांडणे हे कोणत्याच नियमात बसत नाही. मग त्यांनी झाडावरच्या त्या प्रसिद्ध केनियन हॉटेलाचा, ट्रीटॉप्सचा, विषय काढला: १९५२ च्या फेब्रुवारीत राजकन्या एलिझाबेथ तिथे रात्रभर जनावरे पाहत बसली असताना तिकडे इंग्लंडात तिचे वडील निवर्तले आणि ती झाडावरच्या झाडावर राणी झाली. मीही तयार होतो. कबिनीकाठच्या कारापूर गावात, म्हणालो, म्हैसूरच्या महाराजांची शिकारकोठी आहे; शेजारच्या काकनकोटच्या रानात देशोदेशींच्या पाहुण्यांनी हत्ती धरण्याचे खेड्डे पाहिले आहेत; आणि त्याच कारापुरात १९२४ साली एका माहुताच्या पोटी जन्मलेला साबू नावाचा मुलगा हत्तीवर बसून १९३७ च्या इंग्रजी चित्रपटात गेला तो थेट हॉलिवुडात उतरला. त्यांच्या झाडाने एक राणी केली, आमच्या गावाने एक नट केला, हिशेब सारखा. साडू म्हणाले, "पण आप्पा, मारात..." आणि तिथेच मी आरक्षण करून टाकले.

पुढे जे घडले त्याचे मूळ माझ्या कन्नडात असल्यामुळे त्याविषयी थोडे लिहिणे प्राप्त आहे. मी मूळचा साताऱ्याचा. बदलीवर बंगळूरला आलो, बसवनगुडीतल्या जुन्या मराठी घराण्याचा जावई झालो आणि राहिलो. कुटुंबाचा जन्मच इथला, तेव्हा त्याला कन्नड येते यात त्याचे काही कर्तृत्व नाही. मी मात्र ही भाषा केवळ बुद्धीच्या बळावर हस्तगत केली आहे. माझा सिद्धांत असा, की कन्नड आणि मराठी या दोन्ही भाषा संस्कृतच्या कोठारातून भरघोस उचल केलेल्या असल्यामुळे, समोरच्याच्या बोलण्यातला ओळखीचा शब्द पकडावा आणि उरलेले वाक्य तर्काने पुरे करावे. हे विधान आमच्या घरात एकमताने मान्य झालेले नाही. 'हालु' म्हणजे दूध आणि 'हाळु' म्हणजे नासाडी, हा भेद मला कळण्यापूर्वी मी आमच्या गवळ्याकडे चार वर्षे दररोज सकाळी एक लिटर नासाडी मागत होतो, आणि तो बिचारा मुकाट्याने दूध घालीत होता. परंतु गवळ्याला जे कळले ते रानातल्या माणसाला कळेलच असे नाही, किंवा रानातल्या माणसाला जे सांगायचे असते ते मला कळेलच असेही नाही.

पहाटे पाचला निघायचे ठरले होते, म्हणून आम्ही सव्वासातला निघालो. गाडी सात जणांची आणि आमची, पण चालवायला साडू बसले, कारण मारात ते आठ दिवस एका अत्यंत निष्णात चालकाच्या पाठीमागे बसले होते. शेजारी मी, हातात दूरध्वनी, आणि त्या दूरध्वनीत वाट सांगणारी बाई. मधल्या रांगेत कुटुंब, मेहुणी आणि त्या दोघींच्या मध्ये सासूबाई. सर्वांत मागे आमची नऊ वर्षांची नात आणि चकल्या, कोडबळी, चटणीपूड, दहीभात व फोडणीच्या मिरच्या यांचे डबे. जिथे आम्ही जाणार होतो तिथे दिवसातून चार वेळा खायला मिळते असे छापील पत्रकात लिहिले होते, पण बसवनगुडीच्या घराण्यांत छापील मजकुरावर विश्वासून कोणी रिकाम्या हाताने घराबाहेर पडत नाही.

१६८७ साली या बंगळूर शहराची किंमत तीन लाख रुपये ठरली होती. व्यंकोजीराजांनी ते विकायला काढले, मधल्या मध्ये मोगलांनी ते काबीज केले आणि तेवढ्याच रकमेला म्हैसूरच्या चिक्कदेवराजांच्या पदरात टाकले. घरापासून केंगेरी गाठायला आम्हाला एक तास चाळीस मिनिटे लागली, आणि त्या एक तास चाळीस मिनिटांत व्यंकोजीराजांच्या व्यवहारचातुर्याविषयी माझे मत पुष्कळ सुधारले. केंगेरीपुढे २०२३ साली खुला झालेला नवा रस्ता आहे. त्यावरून म्हैसूर सव्वा तासात येते असे सांगतात, आणि येतेही, मात्र सासूबाईंना बरोबर घेतलेले नसावे. रामनगरचे खडक, ज्यांत 'शोले'चा गब्बरसिंग राहत असे, उजवीकडून गेले. चन्नपट्टणची लाकडी खेळणी डावीकडून गेली. मद्दूरला वडा खाल्ला. श्रीरंगपट्टण आले तेव्हा अकरा वाजून गेले होते, आणि जेवणाच्या वेळेपर्यंत आपण पोहोचत नाही ही गोष्ट सर्वांच्या मनात आणि कोणाच्याही तोंडात नव्हती.

अशा वेळी मला इतिहासाचा आधार वाटतो. १७९१ च्या मे महिन्यात याच श्रीरंगपट्टणापुढे कॉर्नवॉलिसची फौज अन्नावाचून हवालदिल झाली होती. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी सैन्याची वाट पाहून पाहून अखेर त्याने आपल्या जड तोफा आपल्याच हातांनी निकामी केल्या आणि माघार घेतली. आणि माघार सुरू झाली न झाली तोच मेलकोट्याच्या बाजूने मराठे आले. उशिरा आले, पण धान्याचा एवढा साठा घेऊन आले, की इंग्रजांचे उपाशी शिपाई त्यांच्या बाजारावर तुटून पडले आणि मराठ्यांनी भाव चढे लावून तो त्यांना विकला. हे सर्व मी गाडीत सविस्तर सांगितले. मराठी माणूस कधी पोहोचतो हा प्रश्नच गौण, तो काय घेऊन पोहोचतो हे पाहावे, असा त्याचा इत्यर्थ होता. कुटुंबाने प्रवासात मळमळू नये म्हणून गोळी घेतली होती. ते परशुरामभाऊंच्या आगमनापूर्वीच झोपी गेले.

हेग्गडदेवनकोटेच्या अलीकडे हँडपोस्ट नावाचा तिठा आहे. तिथे सरळ जावे की डावीकडे वळावे, याबद्दल माझे आणि दूरध्वनीतल्या बाईचे एकमत होते, म्हणून आम्ही डावीकडे वळलो. हे चूक होते. कारापूरची बाजू सरळ जाते; डावीकडचा रस्ता सरगूरकडे, म्हणजे धरणाच्या पाण्याच्या दुसऱ्या काठाला नेतो. आमचे निवासस्थान पलीकडच्या काठावर होते आणि आम्ही अलीकडच्या काठावर चाललो होतो. परंतु बाईच्या नकाशात निळ्या रंगाच्या मधून एक बारीक पांढरी रेघ थेट निवासस्थानाच्या पायरीपर्यंत गेलेली स्पष्ट दिसत होती, आणि कागदावर जे आहे ते वस्तुस्थितीत असलेच पाहिजे, या समजुतीवर माझी बत्तीस वर्षांची नोकरी उभी होती. तासाभराने डांबर विरळ झाले, दूरध्वनीची संपर्कयंत्रणा नाहीशी झाली, बाई तेवढी पूर्वी पाठ केल्याप्रमाणे बोलत राहिली. रस्त्याच्या कडेला पिंपळाखाली एक वृद्ध गृहस्थ शेळ्या राखीत उभा होता. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. साडूंनी गाडी थांबवली. मी काच खाली केली आणि निवासस्थानाचे नाव उच्चारून, हाच ना रस्ता, अशा अर्थाचे कन्नड बोललो.

त्याने आमच्याकडे, गाडीकडे, मागच्या डब्यांकडे पाहिले आणि म्हणाला, "ई दारी नीरिगे होगत्ते, स्वामी. होगबेडि."

आता यात न कळण्यासारखे काय होते? 'दारी' म्हणजे दारात. 'नीर' म्हणजे पाणी, शुद्ध संस्कृत. 'बेड' हा तर इंग्रजी शब्द आता खेडोपाडी पोहोचला आहे. दारात पाणी आहे आणि आत बेड आहेत: छापील पत्रकातले वर्णन याहून वेगळे नव्हते. मी त्याला दोन वेळा "तुंबा थ्यांक्स" म्हणालो. त्याने तेच वाक्य पुन्हा, अधिक मोठ्याने आणि दोन्ही हात आडवे हलवून म्हटले, ज्याचा अर्थ मी 'पाणी पुष्कळ विस्तीर्ण आहे' असा लावला, आणि साडूंना म्हणालो, "चला. थेट दारात पाणी आहे." साडू म्हणाले, "मारात असेच होते."

अर्ध्या किलोमीटरवर रस्त्याचे डांबर संपले आणि जुन्या पद्धतीची दगडी खडी लागली. मग खडीवर गवत आले. मग गवताच्या जागी तडे गेलेला सुका गाळ आला, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना वाळून दगडासारखे झालेले झाडांचे बुंधे. उतार सौम्य होता, ऊन कलले होते, समोर पाणी चकाकत होते आणि पाण्यापलीकडे हिरवळ, कौलारू छपरे आणि पांढऱ्या गणवेशातला एक मनुष्य हातात तबक घेऊन चाललेला दिसत होता. "आठशे मीटर सरळ जा," बाई म्हणाली. याच वेळी गाडीची पुढची दोन्ही चाके, आपण नमस्काराला वाकतो तशा नम्रतेने, खाली गेली. साडूंनी ज्ञान वापरून जोर लावला. मागची चाकेही गेली.

कुटुंब जागे झाले. कुटुंबाने प्रथम बाहेर पाहिले, नंतर माझ्याकडे पाहिले आणि वाटेत कोणाला विचारले होते का, एवढेच विचारले. मी त्या गृहस्थाचे वाक्य जसेच्या तसे म्हणून दाखवले. माझी स्मरणशक्ती उत्तम आहे. गाडीत काही काळ कोणी बोलले नाही. मग कुटुंबाने अगदी संथ स्वरात, पहिलीच्या मुलाला शिकवावे तसे सांगितले, की कन्नडात 'दारी' म्हणजे रस्ता, 'होगबेडि' म्हणजे जाऊ नका, आणि त्या माणसाने सांगितले ते असे: हा रस्ता पाण्यात जातो, महाराज, जाऊ नका.

तो खरोखरच पाण्यात जात होता. कबिनी ही वायनाडात उगम पावून कावेरीला मिळणारी नदी. १९७४ साली बीचनहळ्ळीला तिच्यावर धरण झाले, आणि मागच्या खोऱ्यातले रान, शेते, घरे व रस्ते पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरते तेव्हा त्यांतला काही भाग पुन्हा वर येतो. आमचा रस्ता हा असा वर्षातून दोन-तीन महिने हयात असणारा रस्ता होता. बाईचे काही चुकले नव्हते. तो आठशे मीटर सरळच जात होता. मधले सातशे मीटर पाण्याखालून जात होता इतकेच.

मी गाडी ढकलण्यासाठी खाली उतरलो. पाय पोटरीपर्यंत आत गेले. चिखलातून उजवा बूट काढण्यासाठी वाकलो, तेव्हा एकोणचाळीस वर्षे चाललेल्या एका कर्जाची वसुली झाली. सफारी पाठीमागे, वरपासून खालपर्यंत, शिवणीच्या रेषेत उसवली. आवाज असा झाला, की मेहुणीला टायर फुटला असे वाटले. साडूंनी मात्र वर पाहिले नाही. ते उजवीकडच्या वळणाकडे पाहत होते. "सगळ्यांनी गाडीत बसा," ते म्हणाले, "घाबरायचे कारण नाही, मारात हत्ती गाडीला काही करीत नाही," आणि हे वाक्य पुरे होण्याच्या आत त्यांनी स्वतः गाडीत बसून दार लावून घेतले होते.

मी मागचे दार उघडून आत चढू लागलो. "चिखलाच्या पायांनी आत यायचे नाही," कुटुंब म्हणाले. मी हत्तींकडे बोट दाखवले. कुटुंबाने हत्ती पाहिले, डब्यांखाली अंथरलेली धुतलेली सतरंजी पाहिली, आणि हुकूम कायम केला. तेव्हा मी गाडीच्या मागच्या उघड्या फळीवर, पाय बाहेर सोडून, पाठीवर वारा घेत बसलो. आणि आयुष्यात पहिल्यांदा रानातले हत्ती पाहिले ते असे.

वळणावरून ते एकामागून एक आले. घाई नाही, आवाज नाही. ओसरलेल्या पाण्याच्या कडेला कोवळे गवत उगवते आणि त्यासाठी आजूबाजूच्या रानांतून हत्तींचे कळप उन्हाळ्यात इथे उतरतात, हे मी वाचले होते. परंतु एवढे मोठे जनावर सोंडेने गवताची जुडी उपटते, पायाच्या नखाने ती सोडवून घेते आणि तोंडात घालण्यापूर्वी गुडघ्यावर दोनदा आपटून माती झाडते, जशी आमची आई कोथिंबिरीची जुडी झाडीत असे, हे कोणत्याही पुस्तकाने मला सांगितले नव्हते. एका हत्तिणीच्या पोटाखाली पिलू होते. ते गवत उपटायला जाई, सोंड निसटे, आणि ते चिडून आईच्या पायाला धक्का देई. नात माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून पाहत होती. तिचा श्वास माझ्या कानाला लागत होता. साडूसुद्धा गप्प होते.

मग सासूबाई बोलल्या. "जावईबापू, हे नदीत उतरवले होते तेव्हा असे नव्हते दिसत." कोण उतरवले, कधी, मला काही कळेना. सासूबाईंनी हातातल्या जपमाळेचे मणी ओढणे थांबवले नव्हते. १९७१ साली इथे शेवटचा खेड्डा झाला. तेव्हा सासरे त्यांना बंगळूरहून मोटारीने पाहायला घेऊन आले होते, कुटुंब तेव्हा कडेवर होते. जत्रेसारखी गर्दी. ढोल, मशाली, आरडाओरडा, आणि त्या आवाजाला भिऊन कळपच्या कळप नदीत पडलेला. पलीकडे लाकडी कोट. "एका हत्तिणीचे पोर अलीकडे राहिले. ती पाण्यात उभी राहिली, ना पुढे ना मागे. लोक टाळ्या वाजवत होते. मी ह्यांना म्हटले, घरी चला." चोपन्न वर्षांत ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नव्हती, कुटुंबालाही नाही. मी पंचवीस प्रश्न विचारू शकलो असतो. एकही विचारला नाही.

इतक्यात पाण्यावरून मोटरबोटीचा आवाज आला. पलीकडच्या निवासस्थानाची, आम्ही ज्या फेरीचे पैसे आगाऊ भरले होते तीच साडेतीनची फेरी, पाहुण्यांना घेऊन आमच्या काठाला येत होती. यंत्र बंद झाले, बोट संथपणे तरंगत राहिली, वाटाड्याने उभे राहून हत्तींकडे हात केला आणि वीस-पंचवीस दुर्बिणी एकाच वेळी वर झाल्या. काही क्षणांनी त्यांतली एक डावीकडे सरकली. तिच्या मागून दुसरी. पाहता पाहता सर्व दुर्बिणी हत्तींना सोडून आमच्यावर स्थिरावल्या, आणि लांब नळ्यांचे कॅमेरे आमच्या दिशेला वळले. वाटाड्या हलक्या आवाजात काही माहिती देत होता. आमचा आहार, आमच्या सवयी, कळपातली वृद्ध मादी कोणती, हे तो सांगत असावा. आणि नेमक्या याच वेळी सासूबाईंनी चकल्यांचा डबा उघडला. बोटीतल्या एका गोऱ्या मुलाने हात हलवला, नातीने हलवला. मी पाठ फिरवावी असे मनात आले, परंतु पाठीची स्थिती लक्षात घेऊन तोंडच दाखवणे अधिक सभ्य ठरले.

हत्ती गेले, बोट गेली, आणि मागून उतारावरून तो शेळ्यांचा धनी सावकाश चालत आला. त्याला घाई नव्हती, कारण आम्ही रुतण्याच्या आधीच, म्हणजे माझ्या दुसऱ्या "तुंबा थ्यांक्स"च्या वेळीच, त्याने आपल्या नातवाला मोपेडवरून ट्रॅक्टर आणायला पिटाळले होते. सासूबाईंनी काच उघडून त्याला कोडबळे दिले. तो गाडीच्या दाराशी उकिडवा बसला. दोघे बोलू लागले. माझ्या सिद्धांताप्रमाणे मी ओळखीचे शब्द पकडीत होतो: आने, नदी, तमटे, अप्पा. तमटे म्हणजे डफ, हे मला येते. तो खेड्ड्यात डफ वाजवणाऱ्या पोरांत होता की त्याचा बाप होता, हे मात्र कळले नाही. एकदा त्याने काठीने पाण्यातली एक जागा दाखवली, जिथे काहीही दिसत नव्हते, आणि काठी थोडी उजवीकडे नेऊन दुसरी दाखवली. सासूबाई मान हलवीत राहिल्या. "काय म्हणतो?" मी कुटुंबाला विचारले. "काही नाही," कुटुंब म्हणाले. कुटुंबाचे डोळे भरले होते, म्हणून मी पुन्हा विचारले नाही.

मग त्याने पलीकडच्या दिव्यांकडे हनुवटी उडवून मला थेट विचारले, "अल्ली ओंदु रात्रिगे एष्टु?" दुर्दैवाने हे वाक्य मला पूर्ण समजले. तिथे एका रात्रीचे किती? "साविर," मी म्हणालो. एक हजार. खऱ्या रकमेचा हा कितवा हिस्सा होता ते मी इथे लिहीत नाही; दुसऱ्यांच्या खोट्या पावत्या पकडण्यात हयात घालवलेल्या माणसाने रानात बसून तोंडी खोटा हिशेब दिला, एवढी नोंद पुरे. त्याने कोडबळे चावायचे थांबवले. "साविर?" तो म्हणाला. "मलगोदक्का?"

"झोपायला?" कुटुंबाने भाषांतर केले. मला ते नको होते.

सातच्या सुमारास ट्रॅक्टर आला, दोर बांधला गेला, आणि गाडी गाळातून निघाली ती बाटलीच्या बुचासारखा आवाज करीत. ट्रॅक्टरवाल्याने पाचशे रुपये घेतले. म्हाताऱ्याने काही घेतले नाही. सासूबाईंनी कोडबळ्यांचा डबाच त्याच्या हाती दिला, आणि तो परत कसा मिळणार, या मेहुणीच्या प्रश्नाकडे दोघांनीही लक्ष दिले नाही. सरगूरवरून वळसा घेत, या वेळी कुटुंब पुढे बसून काच खाली करून दर वळणावर वाट विचारीत, आम्ही पावणेदहाला पलीकडच्या काठाला लागलो.

दूरस्थ अरण्यनिवासात पाहुण्यांचे स्वागत कसे होते याचे वर्णन साडूंनी मला वारंवार ऐकवले होते, आणि ते तसेच झाले. पितळी समईशेजारी उभ्या असलेल्या तरुणाने आम्हाला सुगंधी, गरम, पांढरे ओले रुमाल दिले. मी माझा रुमाल वापरून परत केला तेव्हा त्याने तो तबकात न ठेवता चिमटीत धरून आत नेला. व्यवस्थापक लगबगीने आले, "प्रवास सुखरूप झाला ना?" म्हणाले, आणि मला पाहून त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचे हसू उमटले, ते त्यांनी सेवेच्या शिस्तीने तत्काळ आवरले. जेवणघरात मी शालीने पाठ झाकून शिरलो. गोऱ्या मुलाने आईची बाही ओढली.

जेवणघराच्या दाराशी एक काळा फळा असतो. दिवसभरात पाहुण्यांना काय काय दिसले याची नोंद वाटाड्या त्यावर खडूने करतो. साडू त्यापुढे उभे राहून, मारात फळा याच्या दुप्पट असतो, असे सांगत होते. मी चष्मा लावला. हत्ती १७. मगर २. सांबर ९. गवे ५. आणि सर्वांत खाली, एका लहान मुलाच्या वेड्यावाकड्या अक्षरात आणि इंग्रजीत, सफारी सूट १.

मी नोंदी वरपासून खालपर्यंत तपासल्या. मग खडू घेतला आणि हत्तींचा आकडा खोडून १८ केला, कारण आईच्या पोटाखालचे पिलू बोटीच्या बाजूने दिसण्यासारखे नव्हते. शेवटची नोंद बरोबर होती. तिच्यासमोर बारीक खूण केली, खाली आद्याक्षरे घातली, आणि सासूबाई थांबल्या होत्या म्हणून जेवायला बसलो.